चित्तभ्रामक द्रव्यांस कायद्याची बंदी कां?

गेल्या वर्षीं जून महिन्याच्या २६ तारखेस, व्यसनविरोधी दिनाच्या निमित्तानें, दहावीच्या वर्गापुढें चार शब्द बोलण्याचें काम मजकडे आलें होतें. विषय नेहमींचा, तो मुलांच्या मनावर ठसावा म्हणून मीं एक गोष्ट सांगितली. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया राज्यांत सहा महाविद्यालयीन तरुणांनीं एल्. एस्. डी. नांवाचें द्रव्य सेवन केलें, त्या धुंदींत ते सूर्याकडे टक लावून पाहत राहिले, आणि सहाही जण कायमचे आंधळे झाले, अशी ती गोष्ट. वर्ग अगदीं चिडीचिप झाला, आणि आपलें काम साधलें या समाधानांत मी घरीं गेलों.

चार दिवसांनीं मधल्या सुट्टींत त्याच वर्गांतील एक विद्यार्थी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. मुलगा अभ्यासू, बोलण्यांत मर्यादशील. तो म्हणाला, "सर, ती आंधळ्या मुलांची गोष्ट खरी नव्हती. १९६८ च्या जानेवारींत ती तिकडच्या वर्तमानपत्रांत आली. पण ती एका सरकारी अधिकाऱ्यानें रचून सांगितली होती असें थोड्याच दिवसांत तिथल्या गव्हर्नरांनीं जाहीर केलें. मीं शोधून पाहिलें." क्षणभर थांबून त्यानें विचारलें, "मग सर, आपण सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींपैकीं खऱ्या कोणत्या?"

त्या प्रश्नांत उद्धटपणा नव्हता, आणि म्हणूनच तो मला अधिक लागला. ती गोष्ट मीं पुष्कळ वर्षांपूर्वीं कोठेंशी वाचली होती व न पडताळतां सांगितली होती. शोध केला तेव्हां मुलाचेंच म्हणणें बरोबर निघालें. पुढच्या सोमवारीं भर वर्गांत मीं तसें कबूल केलें. परंतु एक असत्य मागें घेतलें म्हणजे सत्य सांगून झालें असें होत नाहीं. हीं द्रव्यें कायद्यानें निषिद्ध कां ठरलीं, त्या निषेधाचीं कारणें कोणतीं, आणि त्यांतलीं कसोटीस उतरणारीं कोणतीं, हें नीट सांगणें माझ्याकडे देणें राहिलें होतें. तें या लेखांत फेडण्याचा यत्न केला आहे. लेख विद्यार्थ्यांसाठीं आहे, तितकाच त्यांच्या पालकांसाठींही आहे.

प्रथम हीं द्रव्यें कोणतीं तें पाहूं. आपण सर्व मादक पदार्थांस 'नशा' या एकाच शब्दांत गोंवतों. पण त्यांच्या जाती निरनिराळ्या आहेत. अफू गुंगी आणते, कोकेन चेतवितें, दारू प्रथम धिटाई देते व मग तोल घालविते. ज्यांविषयीं आपण येथें बोलत आहों तीं द्रव्यें यांपैकीं कशांतच बसत नाहींत. तीं मनुष्यास निजवीत नाहींत. त्याच्या इंद्रियांचा आणि मनाचा नेहमींचा व्यवहारच पालटून टाकतात. रंग हालूं लागतात, भिंत श्वास घेत आहेसें वाटतें, घटका युगासारखी लांबते, आणि 'मी' व 'जग' यांतील सीमा पुसट होते. मेंदूंत सेरोटोनिन नांवाचा एक निरोप्या पदार्थ आहे. त्याच्या ग्रहणस्थानांपैकीं कांहींवर हीं द्रव्यें जाऊन बसतात व त्यांतून हा सारा पालट उद्भवतो. यांस इंग्रजींत सायकेडेलिक म्हणतात. हंफ्री ऑस्मंड नांवाच्या मानसरोगवैद्यानें १९५६ सालीं ग्रीक शब्दांवरून हें नांव बनविलें, आणि त्याचा अर्थ 'मनास प्रगट करणारें' असा आहे. मराठींत त्यांस चित्तभ्रामक म्हणणें मला अधिक सावधपणाचें वाटतें.

यांपैकीं तीन विशेष प्रसिद्ध आहेत. मेक्सिकोंतील पेयोटी नांवाच्या निवडुंगांत मेस्कॅलिन असतें. कांहीं जातींच्या अळंब्यांत सायलोसायबिन असतें. तिसरें एल्. एस्. डी.; तें प्रयोगशाळेंत तयार होतें, पण त्याचें मूळ धान्यावरच्या बुरशींत आहे. आपल्याकडे बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट रोग शेतकऱ्यांस ठाऊक आहे. त्याच कुळांतील बुरशी युरोपांत राय नांवाच्या धान्यावर पडते, आणि तिच्यांतील द्रव्यांपासून एल्. एस्. डी. बनवितां येतें.

त्याच्या शोधाची हकीकत मनोरंजक आहे, आणि पुढील सर्व विवेचनाची किल्ली तींतच आहे. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरीं सँडोज नांवाच्या औषधांच्या कारखान्यांत आल्बर्ट हॉफमन हे रसायनशास्त्रज्ञ होते. रक्ताभिसरण व श्वसन यांस उपयोगी पडेल असें औषध शोधीत असतां १९३८ सालीं त्यांनीं हें द्रव्य प्रथम सिद्ध केलें. जनावरांवरील प्रयोगांत विशेष कांहीं आढळलें नाहीं, म्हणून तें बाजूस पडलें. पांच वर्षांनीं, १९४३ च्या एप्रिलमध्यें, तें पुन्हा तयार करीत असतां त्याचा अंश नकळत त्यांच्या शरीरांत गेला व त्यांस चमत्कारिक भास झाले. तीन दिवसांनीं, १९ एप्रिल रोजीं, त्यांनीं तें बुद्धिपुरस्सर घेतलें. प्रमाण होतें २५० मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतले हे अडीचशें. म्हणजे एका ग्रॅमांत अशा चार हजार मात्रा होतील. इतक्या अल्प मात्रेनें फारसें कांहीं होणार नाहीं अशी त्यांची समजूत होती.

ती समजूत लवकरच फिटली. युद्धकाळामुळें मोटार मिळेना, म्हणून ते मदतनिसास बरोबर घेऊन सायकलवर घरीं निघाले. घरीं पोहोंचल्यावर दूध घेऊन आलेली भली शेजारीण त्यांस मुखवटा घातलेल्या चेटकिणीसारखी भासली. आपण वेडे होत आहों, कदाचित् मरत आहों, या भीतीनें ते व्याकुळ झाले. वैद्यानें येऊन तपासलें, तों डोळ्यांच्या विस्फारलेल्या बाहुल्यांखेरीज शरीरांत कांहींही बिघाड नव्हता. पुढें भीति ओसरली, मिटल्या डोळ्यांपुढें रंगांची नानाविध रूपें खेळूं लागलीं, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सारें जग नुकतेंच निर्माण झाल्यासारखें त्यांस टवटवीत दिसलें. एकाच मनुष्यानें, एकाच मात्रेंत, एकाच दिवशीं नरक आणि नंदनवन दोन्ही पाहिलीं. हें द्रव्य कोणास केव्हां काय दाखवील याचा भरंवसा नाहीं, हा धडा त्या पहिल्याच दिवशीं मिळाला होता.

आरंभीं मात्र या द्रव्यास कोणी गुन्हा मानीत नसे. १९४७ पासून सँडोज कंपनी तें 'डेलिसिड' या नांवानें डॉक्टरांस पुरवूं लागली. मनोरुग्णांच्या मनांतील गांठी उकलण्यास त्याचा उपयोग होईल अशी अपेक्षा होती. कॅनडांतील सस्कॅचेवान प्रांतांत ऑस्मंड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दारूच्या व्यसनांत बुडालेल्या रोग्यांस तें देऊन पाहिलें, आणि पुष्कळांची दारू सुटल्याचें नमूद केलें. पुढील पंधरा वर्षांत निरनिराळ्या देशांत हजारों रोग्यांवर असे प्रयोग झाले. मग जें औषध म्हणून जन्मास आलें तें अपराध म्हणून कसें गणलें जाऊं लागलें? याचें उत्तर एका कारणांत नाहीं. कारणें अनेक आहेत, आणि तीं सर्व सारख्या योग्यतेचीं नाहींत.

पहिलें कारण औषधशास्त्राचें. १९६१-६२ च्या सुमारास थॅलिडोमाइड नांवाच्या औषधाचा भयंकर प्रकार उघडकीस आला. गर्भवती स्त्रियांनीं तें घेतल्यामुळें हजारों अर्भकें अपंग जन्मलीं. जग हादरलें, आणि अमेरिकेनें १९६२ सालीं कायदा कडक केला: औषध निर्भय तर असावेंच, पण त्याचा गुणही रीतसर प्रयोगानें सिद्ध व्हावा. अशा प्रयोगांत अर्ध्या रोग्यांस खरें औषध व अर्ध्यांस नुसती साखरेची गोळी देतात, आणि कोणास काय मिळालें हें रोग्यास कळूं देत नाहींत. एल्. एस्. डी. ची अडचण अशी कीं, घेणाऱ्यास तें तासाभरांत कळतेंच! त्यामुळें पूर्वींचे पुष्कळसे प्रयोग या नव्या मोजपट्टीस उतरेनात. हें कारण रास्त होतें.

दुसरें कारण संमतीचें. अमेरिकेच्या मध्यवर्ती हेरखात्यानें १९५३ पासून एक गुप्त योजना चालविली होती. शत्रूच्या मनावर ताबा मिळवितां येईल काय हें पाहण्यासाठीं अजाण माणसांस, त्यांस न सांगतां, एल्. एस्. डी. देण्यांत आलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरमध्यें फ्रँक ओल्सन या सरकारी शास्त्रज्ञास पेयांतून तें दिलें गेलें. नऊ दिवसांनीं न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या खिडकींतून पडून त्यांचा अंत झाला. हें प्रकरण १९७५ पर्यंत झांकून ठेवलें होतें, म्हणून बंदीच्या कारणांत तें धरतां येत नाहीं. पण या द्रव्यापासून माणसाचें संरक्षण कां हवें तें त्यावरून कळतें, आणि ज्या सरकारनें जनतेस बंदी केली त्याचे स्वतःचे हात स्वच्छ नव्हते हेंही कळतें.

तिसरें कारण प्रसाराचें. हार्वर्ड विद्यापीठांतील टिमोथी लिअरी या मानसशास्त्राच्या अध्यापकानें १९६० पासून सायलोसायबिनचे प्रयोग आरंभिले. त्यांच्याच आश्रयाखालीं वॉल्टर पान्की या विद्यार्थ्यानें १९६२ च्या शुभ शुक्रवारीं बॉस्टन येथें एक प्रयोग केला, तो आम्हां ख्रिस्ती वाचकांस विशेष विचार करावयास लावणारा आहे. ईश्वरविज्ञानाचे वीस विद्यार्थी मंदिराच्या तळघरांत बसून उपासना ऐकत होते. दहांस सायलोसायबिन दिलें होतें व दहांस साधें जीवनसत्त्व. द्रव्य घेतलेल्या बहुतेकांनीं आपणांस गाढ धार्मिक अनुभव आल्याचें सांगितलें, आणि ही वार्ता सर्वत्र पसरली. परंतु त्यांतील एक विद्यार्थी भ्रमिष्ट होऊन मंदिराबाहेर पडला होता. त्यास धरून आणून शामक औषधाचें इंजेक्शन द्यावें लागलें होतें. ही गोष्ट मूळ अहवालांत सांगितलेली नव्हती. जवळजवळ तीस वर्षांनीं, १९९१ सालीं, दुसऱ्या एका संशोधकानें ती प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांनो, हें ध्यानांत ठेवा: सत्यांतलें गैरसोयीचें तेवढें गाळण्याचा मोह निंदकांस होतो तसा स्तुतिपाठकांसही होतो.

लिअरी यांस विद्यापीठानें १९६३ सालीं काढून टाकलें. तेव्हांपासून शास्त्रज्ञाची भूमिका सोडून ते प्रचारकच बनले आणि शाळा-महाविद्यालयें सोडून द्या असा उपदेश तरुणांस करूं लागले. आतां तें द्रव्य वैद्याच्या कपाटांतून चोरबाजारांत आलें होतें. मात्रा किती, भेसळ कशाची, घेणारा कोण, जवळ संभाळणारा कोणी आहे कीं नाहीं, कशाचाच धरबंध राहिला नाहीं. भेदरलेले, भ्रमिष्ट झालेले तरुण रुग्णालयांत येऊं लागले. १९६६ च्या एप्रिलमध्यें सँडोज कंपनीनें आपण होऊन अमेरिकेंतील पुरवठा थांबविला. त्याच वर्षीं ६ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियांत बंदी अमलांत आली. १९६८ सालीं जवळ बाळगणेंही सर्व देशांत गुन्हा ठरलें. आणि १९७० च्या कायद्यानें एल्. एस्. डी., सायलोसायबिन व मेस्कॅलिन हीं तिन्ही पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टांत घातलीं गेलीं. त्या परिशिष्टाच्या कसोट्या तीन: दुरुपयोगाचा संभव मोठा, वैद्यकांत मान्य उपयोग नाहीं, आणि वैद्याच्या देखरेखीखालींही निर्भयता सिद्ध नाहीं.

चौथें कारण भीतीचें, आणि येथें पाऊल जपून टाकावें लागतें. तो व्हिएतनामच्या युद्धाचा काळ होता. केस वाढविलेले, सैन्यांत जाण्यास नकार देणारे, वडील पिढीचें कांहींच न मानणारे तरुण आणि हीं द्रव्यें यांची लोकांच्या मनांत एक गांठ पडली. द्रव्यावरचा राग तरुणांवर आणि तरुणांवरचा राग द्रव्यावर निघूं लागला. भीतीस पुराव्याची वाट पाहण्याइतका धीर नसतो. १९६७ सालीं एल्. एस्. डी. मुळें पेशींतील गुणसूत्रें तुटतात व संततीवर परिणाम होतो अशी बातमी पसरली. पुढें अधिक काळजीपूर्वक तपास झाला तेव्हां, नेहमींच्या प्रमाणांत घेतल्यानें तसें होतें असें सिद्ध झालें नाहीं. मीं वर्गांत सांगितलेली आंधळ्यांची कथाही याच हंगामांतलें पीक.

भीतीनें केलेली बंदी ही आधुनिक काळाचीच गोष्ट आहे असेंही नाहीं, आणि हें सांगतांना माझ्या स्वतःच्या धर्मबंधूंकडेही मला बोट दाखविलें पाहिजे. १६२० सालीं मेक्सिको शहरांतील इन्क्विझिशन या धर्मन्यायासनानें पेयोटीच्या सेवनास मनाईचा हुकूम काढला. कोणाचे प्राण गेले, कोणाची प्रकृति बिघडली, म्हणून तो निघाला नव्हता. तेथील मूळ रहिवासी तें निवडुंग आपल्या पूजाविधींत घेत, त्यांतून भविष्य व हरवलेल्या वस्तु शोधीत, आणि तें सैतानाचें काम म्हणून तो निघाला. परक्याची उपासना आणि परक्याचा अपाय या दोन गोष्टींची आमच्या पूर्वसूरींनीं गल्लत केली. पुढें उत्तर अमेरिकेंतील आदिवासींनीं १९१८ सालीं ओक्लाहोमा येथें आपला स्वतंत्र पंथ रीतसर नोंदविला. त्यांच्या विधींत पेयोटी घेतलें जातें, आणि त्यांतील पुष्कळ जण प्रभु येशूचें नांवही घेतात. १९९४ सालीं अमेरिकेच्या कायद्यानें त्यांस या विधीची स्पष्ट मुभा दिली. म्हणजे तेंच द्रव्य एकास गुन्हा व दुसऱ्यास प्रसाद. कायदा केवळ रसायन पाहत नाहीं; तें कोण, कोठें, कोणत्या मर्यादेंत घेतो हेंही पाहतो.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९७१ सालीं व्हिएन्ना येथें संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमानें मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांविषयीं आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यांत एल्. एस्. डी. आदि द्रव्यें पहिल्या परिशिष्टांत घातलीं गेलीं. शास्त्रीय व अत्यंत मर्यादित वैद्यकीय उपयोग वगळतां त्यांस सर्वत्र मनाई झाली. भारत १९७५ सालीं या करारांत सामील झाला, आणि आपला गुंगीकारक औषधिद्रव्यें व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयींचा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलांत आला. या कायद्याखालीं एल्. एस्. डी. चें प्रमाण ०.१ ग्रॅमहून अधिक भरलें कीं तें 'व्यापारी प्रमाण' गणलें जातें. शिक्षा दहा ते वीस वर्षें सक्तमजुरी आणि किमान एक लक्ष रुपये दंड. अशा प्रकरणीं, आरोपी निर्दोष असावा असें मानण्यास सबळ कारण आहे अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीनही मिळत नाहीं. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. हें द्रव्य टिपकागदासारख्या कागदांत मुरवून विकतात. २०२१ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, वजन करतांना तो कागदही द्रव्याबरोबरच धरावा. द्रव्य डोळ्यांस न दिसण्याइतकें. पण असे थोडे तुकडे एकत्र झाले कीं कांटा त्या मर्यादेपलीकडे जातो.

हें मीं पुस्तकांतून शिकलों नाहीं. आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील कांहीं वर्षांपूर्वीं सायंकाळीं माझ्या घरीं आले. त्यांचा मुलगा महाविद्यालयांतील मित्रांबरोबर गोव्यास गेला होता. सर्वांनीं मिळून आणलेली कागदांची पुडी, हा आपल्यांतला सर्वांत भरंवशाचा, म्हणून त्याच्याच खिशांत ठेवली होती. आणि झडती झाली तेव्हां ती त्याच्याच खिशांत सांपडली. वडील पुन्हा पुन्हा एकच विचारीत होते, "सर, नखाएवढे कागद हो! त्यांत असें काय होतें?" मजजवळ तेव्हांही उत्तर नव्हतें. मुलगा पुढें जामिनावर सुटला. पण महिने गेले, परीक्षा गेली, आणि आईनें दोन वर्षें देवळांत कोणाशीं मान वर करून बोलणें टाकलें. आम्हीं त्या मुलास शाळेंत 'मादक द्रव्यें वाईट' एवढेंच सांगितलें होतें. कायदा काय आहे, कागदाचें वजन कसें होतें, दुसऱ्याची वस्तु आपल्या खिशांत ठेवण्याचा अर्थ काय होतो, हें कोणींच सांगितलें नव्हतें.

येथें चौकस विद्यार्थी अशी शंका घेईल कीं, दारूनें याहून अधिक घरें बुडतात, मग ती कां चालते? शंका योग्य आहे. इंग्लंडांत डेव्हिड नट या शास्त्रज्ञानें सहकाऱ्यांसह २०१० सालीं वीस मादक द्रव्यांचा एकंदर अपाय शंभर गुणांच्या मापानें मोजला. दारूस ७२ गुण पडले, एल्. एस्. डी. स ७ व भ्रामक अळंब्यांस ६. याच गृहस्थांस, असलीं मतें उघड मांडल्याबद्दल, आदल्या वर्षीं सरकारी सल्लागार मंडळाचें अध्यक्षपद सोडावें लागलें होतें. या आंकड्यांचा अर्थ लावतांना एवढें लक्षांत घ्यावें कीं, दारू पिणारे कोट्यवधि आहेत व हीं द्रव्यें घेणारे त्या मानानें मूठभर, त्यामुळें समाजाच्या एकूण हानींत दारूचा वांटा मोठा दिसणारच. तरीही कायदा केवळ अपायाच्या तराजूनें चालत नाहीं, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं. रूढि, इतिहास व महसूल हीही त्यांत पारडीं असतात. आपल्याच १९८५ च्या कायद्यांतून भांगेचीं पानें वगळलेलीं आहेत, तीं रूढीमुळेंच. दारूचें उदाहरण दारू कमी करण्यास पुरेसें आहे. दुसरा धोका पत्करण्यास नव्हे.

बंदीचा एक तोटाही सांगितला पाहिजे. 'मान्य उपयोग नाहीं' म्हणून बंदी, आणि बंदी म्हणून उपयोगाचा शोध नाहीं, अशा चक्रांत संशोधन तीस-पस्तीस वर्षें अडकून पडलें. अलीकडे तें चक्र थोडें सैल झालें आहे. २०१६ सालीं अमेरिकेंतील दोन विद्यापीठांनीं कर्करोगानें पीडित रोग्यांस सायलोसायबिन देऊन त्यांची चिंता व खिन्नता कमी झाल्याचें प्रसिद्ध केलें. १ जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियानें, इतर उपायांनीं न हटणाऱ्या खिन्नतेवर, अधिकृत मानसरोगतज्ज्ञांस तें देण्याची परवानगी दिली. हे उपचार कसे होतात तें मात्र पाहावें: रोग्याची आधीं कसून तपासणी, घराण्यांत वेडाची बाधा असल्यास नकार, मोजलेली मात्रा, शांत खोली, आणि आरंभापासून अखेरपर्यंत जवळ बसलेले जाणते साहाय्यक. मित्राच्या खोलींत कागदाचा तुकडा जिभेवर ठेवणारा मुलगा या बातम्यांचा आधार घेतो, तेव्हां तो शस्त्रक्रियेचें उदाहरण देऊन चाकू खेळावयास घेत असतो.

तर मग माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर काय? खरें काय, तें आतां मला एकेक करून सांगतां येईल. या द्रव्यांची अफूसारखी शारीरिक चटक लागत नाहीं, हें खरें आहे. त्यांनीं बहुतेक घेणारे आंधळे वा वेडे होत नाहींत, हेंही खरें आहे. परंतु आठ-दहा तास मनुष्याची विवेकबुद्धि त्याच्या हातीं राहत नाहीं, आणि त्या अवस्थेंत गच्ची, रस्ता, पाणी हीं सर्व धोक्याचीं होतात, हें खरें आहे. ज्याच्या रक्तांत मानसरोगाचें बीज आहे त्याचें तें बीज यामुळें उगवूं शकतें, आणि पंधरा-सोळाव्या वर्षीं आपल्यांत तें आहे कीं नाहीं हें कोणासच ठाऊक नसतें, हेंही खरें आहे. कांहीं थोड्यांस दृष्टिभ्रम पुढें महिनेच्या महिने छळतात. कागदावर जें विकलें जातें तें एल्. एस्. डी. च असेल असा नेम नाहीं. त्याच्या नांवाखालीं एन्-बोम गटांतील कृत्रिम द्रव्यें विकलीं गेलीं आहेत, आणि त्यांनीं माणसें मेलीं आहेत. एवढीं कारणें पुरेशीं आहेत. त्यांस आंधळ्या तरुणांच्या कथेचा टेकू लागत नाहीं. उलट तो टेकू निघाला कीं धडधाकट भिंतही लोकांस डळमळीत वाटूं लागते.

पालकांस माझी एक विनंति आहे. मुलास भिववूं नका आणि फसवूं नका. जें ठाऊक नाहीं तें 'ठाऊक नाहीं' म्हणून सांगा. आणि एखादें मूल या वाटेस लागलेंच असेल, तर लपवालपवी न करतां उपचार शोधा. जो व्यसनी आपण होऊन मान्यताप्राप्त संस्थेंत उपचार घेतो त्यास, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या अपराधापुरतें, खटल्यापासून संरक्षण देणारें कलम याच कायद्यांत आहे. हा कायदा कठोर आहे. पण त्यानें हें एक दार उघडें ठेवलें आहे, आणि तें घरोघरीं माहीत असावें.

विद्यार्थ्यांनो, कायदे माणसेंच करतात. तीं चुकतात व सुधारतात. पुढें तुम्हांपैकीं कोणी वैद्य, कोणी वकील, कोणी विधिमंडळाचे सभासद व्हाल, आणि हा कायदा योग्य कीं अयोग्य याचा निर्णय तुमच्या पिढीस करावा लागेल. तो निर्णय स्वच्छ डोक्यानें करतां यावा, एवढ्यासाठीं तरी तें डोकें आज संभाळा.

तो विद्यार्थी यंदा शाळा सोडून महाविद्यालयांत गेला आहे. जातांना निरोप घेण्यास आला तेव्हां मीं त्यास हा लेख छापण्यापूर्वीं वाचावयास दिला, आणि यांतील प्रत्येक विधान तपासून पाहावयास सांगितलें. दोन ठिकाणीं त्यानें पेन्सिलीनें खुणा केल्या. त्या दोन्ही ठिकाणीं मीं दुरुस्ती केली आहे.